फट बुजवा म्हणणाऱ्यांनो, आधी खिडकी दाखवा



मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीतल्या विहारात एका ऊर्जाबचत अभियानाचे लोक आले होते. संध्याकाळी वंदना झाल्यावर बायाबापड्यांना थांबवून घेतलं. पडद्यावर चित्रं दाखवली, रंगीत पत्रकं वाटली. पत्रकात सात-आठ सूचना होत्या आणि पहिलीच सूचना होती : दारं-खिडक्यांच्या फटी बुजवा, घरातली थंड हवा बाहेर जाऊ देऊ नका, विजेचं बिल कमी करा. सोबत प्रत्येकीला फोमच्या पट्टीचं एकेक वेटोळं फुकट.

मागच्या रांगेतली एक आजी उठली. तिच्या हातात ती पट्टी होती. म्हणाली, "बाप्पा, पट्टी त देली तुमी. पण आमच्या घराले खिडकीच नाई. लावू कोठी?"

सगळे हसले. ते वक्तेही हसले. "आजी, मग दाराला लावा," असं म्हणून त्यांनी पुढची सूचना वाचायला घेतली. आजी खाली बसली. तिच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही आणि तो प्रश्न होता, हेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

बाहेर आल्यावर आमच्याच पोरांत चर्चा झाली. एक जण म्हणाला, "दादा, हे एसीवाल्यांचे चोचले आहेत. हा आपला विषय नाही. आपण आरक्षणावर बोलावं, अत्याचारावर बोलावं. दाराच्या फटीवर काय बोलायचं?"

हा लेख त्या वक्त्यांसाठी आहे, तसाच या पोरासाठीही आहे. दोघंही चुकले. वक्त्यांना वाटलं, घर म्हणजे त्यांचं घर. आमच्या पोराला वाटलं, हवा हा राजकारणाचा विषय नाही. माझं म्हणणं सरळ आहे. कुणाच्या घरात किती हवा, किती ऊन, किती धूर शिरणार हे या देशात जातीने ठरवलेलं आहे आणि आज ते सरकारी नियमांच्या भाषेत ठरतं. म्हणून दाराची फट आपला विषय आहे.

सल्ला खोटा नाही, पत्ता चुकला आहे

प्रथम प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करू. आपण विज्ञानवादी आहोत. सांगणारा कोण आहे हे पाहून सल्ला खरा-खोटा ठरवायचा नसतो.

तीन फूट रुंद दाराखाली अर्ध्या इंचाची फट असेल तर ती अठरा चौरस इंच होते. म्हणजे भिंतीला साधारण चार इंच बाय साडेचार इंचाचं भोक पाडून ठेवल्यासारखं. एसी चालू असलेल्या खोलीत असं भोक असेल तर थंड हवा खालून निसटते, बाहेरची गरम आणि दमट हवा आत येते, आणि कॉम्प्रेसर जास्त वेळ फिरत राहतो. दीड टनाचा एसी दीड हजार वॅटच्या आसपास वीज खेचतो. तिथे पट्टी लावणं शहाणपणाचं आहे, त्यात वाद नाही.

आता आमच्या वस्तीत या. नागपूरचा मे महिना. पारा पंचेचाळीसच्या पुढे. आमच्या घरांत एसी नाही, कूलर आहे. पत्र्याचा डबा, तीन बाजूंना ताट्या, आत पंखा आणि पाण्याचा पंप. दोनशे वॅटच्या आसपास काम भागतं. हा कूलर कसा चालतो? बाहेरची कोरडी गरम हवा ओल्या ताटीतून आत ओढतो, पाण्याची वाफ होताना ती हवा गार होते आणि खोलीत येते. पण आत आलेली हवा बाहेर जायला वाट पाहिजे. समोरची खिडकी किंवा दार उघडं नसेल तर खोलीत दमटपणा साचतो, अंग चिकचिकतं, आणि तासाभरात कूलर बंद करून माणूस बाहेर ओट्यावर येऊन बसतो. विदर्भातल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं.

म्हणजे ज्या घरात कूलर चालतो, त्या घरात सगळ्या फटी बुजवा म्हणणं हा चुकीचा सल्ला आहे. पत्रक लिहिणाऱ्याला हे माहीत नव्हतं, कारण त्याच्या डोळ्यासमोर आमचं घर नव्हतंच. त्याच्या मनातल्या 'घरा'ला एसी आहे, काचेच्या सरकत्या खिडक्या आहेत, फ्लॅटचं दार आहे. त्या घराला त्याने नुसतं 'घर' म्हटलं आणि आपण त्याच्या हिशेबातून गळालो. ब्राह्मणी विचाराची हीच तर जुनी रीत आहे : स्वतःचा अनुभव सगळ्यांचा अनुभव म्हणून सांगायचा आणि जो त्यात बसत नाही त्याला अडाणी म्हणून हसायचं.

ज्या देशांतून हा सल्ला आला, तिथे काय केलं?

फटी बुजवण्याचा सल्ला मुळात थंड देशांतला. तिथे हिवाळ्यात घर उबदार ठेवायला इंधन जाळावं लागतं आणि फटींतून ती ऊब निघून जाते. गरिबाचं घर जुनं, दारं वाकलेली, खिडक्या सैल, म्हणून गरिबालाच जास्त इंधन जाळावं लागतं. हे ओळखून अमेरिकेने १९७६ साली कायदा करून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी सरकारी कार्यक्रम सुरू केला. सरकारच्या खर्चाने माणसं घरी येतात, फटी शोधतात, बुजवतात, छपराखाली उष्णतारोधक थर घालतात. आणि काम करताना घरातली शेगडी-भट्टी विषारी वायू सोडते का, हवा खेळती राहते का, हेही तपासतात. तिथल्या गोऱ्या सत्तेचे गोडवे गायचे कारण नाही. पण फरक लक्षात घ्या. तिथे गरिबाच्या दाराची फट ही सरकारची जबाबदारी ठरली. आमच्याकडे ती गरिबाची नैतिक जबाबदारी झाली. तिथे माणूस अवजारं घेऊन आला, आमच्याकडे पत्रक घेऊन.

त्याच थंड देशांतली दुसरी बाजूही सांगतो. इंग्लंडमधल्या रॉचडेल शहरात डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचं एक मूल गेलं. सुदानहून आलेल्या कुटुंबाचं. राहायचं घर सामाजिक गृहनिर्माणातलं, भाड्याचं. हवा खेळत नव्हती, भिंतींवर बुरशी चढली होती. बापाने पुन्हा पुन्हा तक्रार केली होती. पण घरमालक संस्थेने दोष ढकलला तो कुटुंबाच्या राहणीवर. २०२२ साली तिथल्या मृत्यू-चौकशीत स्पष्ट झालं की मूल बुरशीमुळे गेलं. संस्थेला आपण त्या कुटुंबाच्या राहणीबद्दल गृहीतकं धरली हे कबूल करावं लागलं. पुढच्या वर्षी कायदा झाला आणि अशा घरांतली ओल-बुरशी ठरलेल्या मुदतीत दूर करण्याची तरतूद त्यात आली.

'तुमची राहणीच तशी.' हे वाक्य ओळखीचं वाटतं ना? आपल्या आजोबा-पणजोबांनी ते गावात ऐकलं. आपण ते घर भाड्याने बघायला जातो तेव्हा ऐकतो. वस्तीत रोग पसरला की टीव्हीवर ऐकतो. घर कोंडलेलं का आहे, हे न विचारता माणूस घाणेरडा आहे असं ठरवणं, हा जातीचा आणि वर्णद्वेषाचा सामाईक धंदा आहे.

गावाने आमचं छप्पर आणि दिशा ठरवली होती

आता इतिहास बघू. बाबासाहेबांच्या अस्पृश्यांवरच्या लिखाणात (ते त्यांच्या हयातीनंतर शासनाने लेखन आणि भाषणांच्या पाचव्या खंडात छापलं) गावच्या नियमांची एक यादी आहे. अस्पृश्यांनी काय केलं तर गुन्हा धरला जाई, ते बाबासाहेबांनी एकेक करून मांडलं आहे. त्यात दोन गोष्टी घराबद्दल आहेत. एक, अस्पृश्यांची घरं दक्षिणेला असावीत, कारण ती दिशा अशुभ. दोन, अस्पृश्याने कौलारू छपराचं घर बांधणं हा अपराध.

आपण ही यादी अपमानाची यादी म्हणून वाचतो. ती अपमानाची आहेच. पण आज एकदा घर बांधणाऱ्या गवंड्याच्या नजरेने वाचा. दक्षिणेची बाजू म्हणजे कुठलं ऊन, कुठला वारा, गावाचं सांडपाणी कुठल्या अंगाला वाहतं? कौल नाकारणं म्हणजे काय नाकारणं? कौलाच्या, आमच्या वऱ्हाडी भाषेत कवेलूच्या, छपराला सांध्यासांध्यांतून बारीक फटी असतात. चुलीचा धूर त्यातून निघून जातो, वर साचलेली गरम हवा निघून जाते. माती पत्र्यासारखी तापत नाही. गावाने आम्हाला नुसतं हलकं समजून सोडलं नाही, हलकं घरही दिलं. गावकुसाबाहेर, नको असलेल्या दिशेला, नको असलेल्या छपराखाली.

गावातली म्हातारी माणसं अजून सांगतात की महारवाडा, मांगवाडा कुठल्या बाजूला ठेवायचा हे वाऱ्याचा रोख पाहून ठरवत. आमच्याकडून वारा गावावर जाऊ नये म्हणून. विचार करा. दाराच्या फटी बुजवायला ही समाजव्यवस्था आज शिकलेली नाही. सगळ्या गावाचीच फट तिने शेकडो वर्षांपूर्वी बुजवली होती. आमच्या अंगावरून गेलेली हवासुद्धा तिला आत नको होती.

शहरात आलो तर? १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट घरांमुळे रोग पसरतो, म्हणून उजेड आणि हवा हे ट्रस्टचं ब्रीद. पण ट्रस्टने आधी गरिबांच्या खोल्या पाडल्या. पाडल्या त्या मानाने बांधल्या कमी, आणि ही तूट वर्षानुवर्षं राहिली. उजेड-हवेच्या नावाने बेघर झाले कामगार. याच ट्रस्टने बांधलेल्या परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेबांनी संसाराची आणि चळवळीची उमेदीची वर्षं काढली. तेव्हा खोली, उजेड, हवा यांचा अर्थ त्यांना कुणी पत्रक वाटून समजावण्याची गरज नव्हती.

गोवंडीतला धडा

माझ्या मामाचं कुटुंब मुंबईच्या पूर्व उपनगरात राहतं. त्यांची झोपडी रस्त्याच्या कामात गेली आणि बदल्यात एका पुनर्वसन इमारतीत पहिल्या मजल्यावर खोली मिळाली. मामाने पेढे वाटले होते. पक्कं घर, स्वतःच्या नावावर. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दुपारी बारा वाजता आत ट्यूबलाइट जळत होती. एकच खिडकी, आणि तिच्यासमोर हात लांब केला तर जणू लागेल अशी पुढच्या इमारतीची भिंत. मधल्या गल्लीत वरच्या मजल्यांवरून टाकलेला कचरा. त्या वासाने मामी ती खिडकीही बंद ठेवायची. दोन वर्षांनी मामेबहिणीला टीबी झाला. पोरगी वाचली, शिक्षणाचं वर्ष बुडालं. तो टीबी त्या भिंतीनेच दिला असं एका घरावरून मी म्हणणार नाही. पण प्रश्न एका घराचा नाही.

२०१८ मध्ये डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांनी केलेला एक अभ्यास पुढे आला. गोवंडी-मानखुर्द पट्ट्यातल्या लल्लुभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन पुनर्वसन वसाहतींची त्यात तुलना होती. जिथे इमारती जेमतेम तीन मीटरच्या अंतरावर एकमेकींना चिकटून उभ्या होत्या आणि खालच्या मजल्यांना ऊन-वारा मिळत नव्हता, तिथे टीबीचं प्रमाण जास्त निघालं. जिथे मोकळी जागा जास्त होती, त्या पीएमजी कॉलनीत ते फार कमी होतं. कारण गूढ नाही. टीबीचे जंतू हवेतून पसरतात. हवा बदलली तर ते पातळ होतात, हवा कोंडली तर साचतात.

आता मोजमाप घ्या. देशाची राष्ट्रीय इमारत संहिता सांगते की मुंबईसारख्या दमट-उष्ण हवेत खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश तरी उघडी जागा हवी. २६९ चौरस फुटांच्या घराला त्या हिशेबाने सुमारे ४५ चौरस फूट उघडी जागा लागते. चार फूट बाय चार फुटांची खिडकी होते १६ चौरस फुटांची. सरकती असेल तर तिचा अर्धाच भाग उघडतो, म्हणजे आठ. आणि समोर भिंत असेल तर ती आठही कागदावरच. झोपडपट्टी पुनर्वसनात इमारतींमधल्या मोकळ्या जागांच्या नियमांना सवलत मिळते. ही सवलत कुणाला मिळाली? बिल्डरला. आणि ती कुणाच्या फुप्फुसातून वसूल झाली? अशा माणसांना 'फटी बुजवा' म्हणून सांगायला जाताना जीभ कशी रेटते?

नियम आहेत, पण तुमच्यासाठी नाहीत

केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी इको-निवास संहिता आणली. ती वाचा, चांगली आहे. छपरातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तिच्यात आहे. भिंती-खिडक्यांतून किती यावी याचीही आहे. जमिनीच्या क्षेत्रफळाच्या मानाने किती खिडकी उघडता आली पाहिजे, हे हवामानानुसार दिलं आहे. मुंबईसारख्या दमट पट्ट्यात १६.६६ टक्के, नागपूरसारख्या संमिश्र हवामानात १२.५ टक्के. म्हणजे आमच्या आजीच्या प्रश्नाचं उत्तर सरकारच्या कपाटात छापील पडून आहे.

पण ही संहिता लागू कुणाला? ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या इमारतींना. तीही राज्याने आपल्या बांधकाम नियमांत उतरवली तर. २०२२ साली ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि निवासी इमारती त्याच्या कक्षेत आल्या. पण कुठल्या? ज्यांचा जोडलेला वीजभार १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त आहे अशा. राज्यांना ही मर्यादा खाली आणायची मुभा दिली आहे, एवढंच.

रमाई घरकुल २६९ चौरस फुटांचं, म्हणजे २५ चौरस मीटर. त्याचा वीजभार म्हणजे दोन दिवे, दोन पंखे, एक कूलर, एक टीव्ही. एक किलोवॅट होताना मारामार. जो जास्त वीज जाळतो, त्याच्या घराच्या छपराची सरकारला काळजी. जो कमी जाळतो, त्याचं छप्पर तापलं तरी वाचण्यासारखं युनिट त्यात काहीच नाही, म्हणून त्याला नियमच नाही. एसीला तारे लावले, पंख्याला तारे लावले. रमाईच्या घराला एकही तारा नाही.

यात कुणी वैर धरून कायदा लिहिला असं मी म्हणत नाही. मोजपट्टीच चुकीची आहे. 'किती वीज वाचली' एवढंच मोजलं तर गरीब माणूस आकड्यात दिसतच नाही, कारण तो आधीच कमी वापरतो. 'घरात माणूस सुखाने झोपला का' हे मोजलं तर पहिला नंबर आमच्या वस्तीचा लागेल.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप येईल, "सरकारकडे एवढा पैसा कुठून येणार?" अरे, खिडकी कुठल्या भिंतीला ठेवायची हे ठरवायला पैसा लागत नाही. समोरासमोर दोन उघड्या ठेवल्या तर वारा आरपार जातो. एकाच बाजूला दोन ठेवल्या तर जात नाही. नकाशा काढताना ओढलेल्या रेघेची किंमत सारखीच. छपराजवळ दोन झरोके ठेवायला चार विटा उलट कमीच लागतात. पैसा नाही म्हणणारे खरं तर विचार केला नाही हे लपवत असतात.

दुसरा आक्षेप जास्त धूर्त आहे. "खिडक्या दिल्या तरी हे लोक बंदच ठेवतात." हो, ठेवतात. का ठेवतात हे कधी विचारलं? गल्ली चार फुटांची आणि खिडकी छातीच्या उंचीवर, येणारा-जाणारा आत बघतो, बाईला कपडे बदलता येत नाहीत. खिडकीखाली उघडी नाली, तिचा वास आणि डास. उंदीर येतो. मोबाइल चोरीला जातो. आणि आमच्या नागपुरात आणखी एक कारण आहे. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रं आहेत. वारा फिरला की तिकडच्या गावांत आणि वस्त्यांत राख उडते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, भाकरीवर बसते. २०२२ च्या जुलैमध्ये कोराडीच्या राखेचा बंधारा फुटला आणि राख शेतांत, नाल्यांत पसरली. तिथली माणसं ऐन उन्हाळ्यात खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबतात, ती बिल वाचवायला नाही. राख अडवायला. वीज जाते एसीच्या खोल्यांत, राख येते आमच्या ताटात, आणि बचतीचं पत्रकही आम्हालाच!

हा विषय आपलाच आहे

आता त्या पोराला उत्तर. "हा आपला विषय नाही" म्हणालास ना? मग ऐक. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि वीज त्यांच्या खात्यात होती. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विद्युतशक्तीच्या धोरण समितीच्या बैठकीत अध्यक्षपदावरून त्यांनी मांडलं ते असं की भारताला वीज हवी ती स्वस्त आणि मुबलक हवी. आणि ती कशासाठी, तर उद्योग उभे राहावेत आणि दारिद्र्याच्या चक्रातून माणसाची सुटका व्हावी म्हणून. पुढच्याच वर्षी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभं राहिलं. ज्या कोळशावर वीज चालते, तो खणणाऱ्या मजुरांसाठी कल्याण निधीचा वटहुकूमही १९४४ सालचा, त्यांच्याच कारकिर्दीतला.

म्हणजे बाबासाहेबांनी विजेकडे तंत्रज्ञांचा विषय म्हणून पाहिलं नाही. विजेच्या तारेच्या एका टोकाला खाणीतला मजूर आणि दुसऱ्या टोकाला अंधारातलं घर त्यांना दिसत होतं. आपण त्यांचे अनुयायी म्हणवतो आणि घरातल्या हवेवर, उन्हावर, विजेवर बोलायला लाजतो. जयंतीला डीजेसाठी जनरेटर किती केव्हीएचा लागतो हे आपल्याला पाठ असतं. रमाई घरकुलाला खिडकी किती चौरस फुटांची हवी हे कुणाला माहीत आहे?

आपल्यातलेच शिकलेले, नोकरीत लागलेले, फ्लॅटमध्ये गेलेले बांधव-भगिनी, तुम्हालाही एक विनंती. तुमच्या घरी एसी आहे, त्यात काही गैर नाही, ते तुमच्या कष्टाचं आहे. पण तुमच्या फटी जरूर बुजवा. वंदनेची अगरबत्ती पेटवून दाराच्या-खिडकीच्या कडेने फिरवा, धूर जिथे हलतो तिथे फट आहे. तिथे पट्टी लावा. एसी २४ च्या खाली नेऊ नका. आणि हे केल्यावर आपल्या जुन्या वस्तीतल्या भावाला तोच सल्ला द्यायला जाऊ नका. त्याच्या छपराकडे आधी बघा.

करायचं काय?

नुसता संताप लिहून थांबणं बरं नाही. कार्यकर्त्यांनी या वर्षी पुढची कामं हाती घ्यावीत.

एक. मोजणी. फीत घेऊन आपल्या वस्तीतली पन्नास घरं मोजा. जमिनीचं क्षेत्रफळ, उघडणाऱ्या खिडक्या-झरोक्यांचं क्षेत्रफळ, त्या समोरासमोर आहेत की एकाच बाजूला, छप्पर कशाचं. भागाकार करा. नागपूरकडे १२.५ टक्के आणि मुंबईत १६.६६ टक्के भरतात का पाहा. २६९ चौरस फुटांच्या घराला नागपुरात सुमारे साडेतेहेतीस चौरस फूट उघडी जागा हवी. हा कागद घेऊन ग्रामसभेत, वॉर्ड कार्यालयात, समाजकल्याण कार्यालयात जा. भाषणाला ते टाळ्या वाजवून वाटेला लावतात, आकड्याला उत्तर द्यावं लागतं.

दोन. मागणी. रमाई घरकुल आणि पुनर्वसनाच्या प्रत्येक घराला हवेचा, उजेडाचा आणि छपराच्या उष्णतेचा किमान नियम लागू करा. सरकारी पैशाने बांधलेल्या घराला भूखंडाची आणि किलोवॅटची अट नको. पुनर्वसन इमारतींमधल्या मोकळ्या जागेची सवलत बंद करा.

तीन. छप्पर. जुन्या टिनाच्या घरांवर पांढरा परावर्तक थर, आत हलकं छत, वर दोन झरोके. चुन्याचा हातसुद्धा ऊन परतवतो. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरण आणलं. महाराष्ट्राने आणावं, आणि सुरुवात दलित वस्त्यांपासून करावी. वस्ती सुधारणेचा निधी रस्ते आणि नाल्यांवर जातो, तो छपरांवरही जाऊ द्या.

चार. आणि ही सूचना जिवाशी आहे, म्हणून घरोघरी सांगा. हिवाळ्यात दाराखाली गोणपाट कोंबून, सगळ्या फटी बंद करून, आत कोळशाची किंवा लाकडाची शेगडी पेटवून कुणीही झोपू नये. कोंडलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. जे पत्रक फटी बुजवायला सांगतं आणि हे सांगत नाही, ते पत्रक वाटणाऱ्याला तिथेच थांबवा आणि ही ओळ छापायला लावा. शेगडी आत असेल तर फट हवीच. चूल आत असेल तर झरोका हवाच.

मित्रांनो, ज्या व्यवस्थेने आमच्यासाठी गावाचं दार बंद केलं, पाणवठा बंद केला, देवळाचं दार बंद केलं, तीच आज आम्हाला दाराची फट बुजवायला सांगते आहे. आम्ही बुजवू. जिथे बुजवायची तिथे जरूर बुजवू. पण आधी आमच्या वाट्याची खिडकी द्या. ती आम्ही चळवळीने मिळवणार आहोत, पत्रकातून नाही.

त्या आजीची फोमची पट्टी अजून तशीच पडून आहे. मागच्या आठवड्यात मी तिच्याकडे फीत घेऊन गेलो. घर मोजलं. २१० चौरस फूट, वर टिन, उघडी जागा म्हणजे फक्त दार. वहीत पहिलं नाव तिचं लिहिलं आहे. दुसरं नाव तुमच्या वस्तीतलं असू द्या.

जय भीम!